बेळगावात बातमी कुठल्या वाटेनं यायची?

खडेबाजार

मराठी पत्रकारितेचा इतिहास म्हटलं की १८३२ चं ‘दर्पण’, मग १८८१ चा ‘केसरी’, मग १९३२ चा ‘सकाळ’ आणि तिथून एकदम टीव्हीची चॅनेलं. सगळं मुंबई-पुण्यात. मिरजेच्या खाली ही गाडी उतरतच नाही. दरवर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालायचा, चार भाषणं ऐकायची, चहा घेऊन घरी. हार घालायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ‘दर्पण’ निघायच्या वर्षभर आधी, १८३१ च्या जानेवारीत, आपल्या खानापूर तालुक्यात नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली. ती बातमी कित्तूर, बेळगाव, धारवाडला कशी गेली असेल? पेपर नव्हता, तार नव्हती. बाजारकऱ्यांच्या तोंडून गेली आणि पुढं गीगी पदांतून, म्हणजे कानडी पोवाड्यांसारख्या गाण्यांतून, गावोगाव टिकली. आपल्या मुलखाचा पहिला वार्ताहर गाणारा होता म्हणायचा.

धाग्याचा मुद्दा असा. सीमाभागात पेपर कोणाचा यापेक्षा बातमी कुठल्या वाटेनं येते, यावर बरंच काही ठरत आलंय. टपालाची वाट, रेल्वेची लाईन, रेडिओचा टॉवर, पहाटेचा टेम्पो. या वाटा राज्यांच्या हद्दीपेक्षा जुन्या आहेत आणि हद्दीला जुमानत नाहीत.

एक उदाहरण. ‘केसरी’ निघून वर्ष होतंय तोवर टिळक-आगरकरांवर खटला झाला आणि १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. खटला कशावरून? कोल्हापूरचे शिवाजीराव छत्रपती आणि दिवाण बर्वे यांच्या प्रकरणावरून. बातमी दक्षिणेतून पुण्याला गेली, तिथं छापली गेली आणि टपालानं परत दक्षिणेत आली. पुढं १९१६ च्या एप्रिलात टिळकांनी होमरूल लीग काढली ती बेळगावात. इथं आणि अहमदनगरला केलेल्या भाषणांवरूनच सरकारनं त्यांच्यावर पुन्हा कारवाई केली. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं. त्या दिवसांत देशभरचे वार्ताहर इथं होते आणि बातमी बेळगावातून बाहेर जात होती. बाकी वेळी आपण घेणारेच.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. पुण्याचा पेपर मात्र दुसऱ्या दिवशीही मीटरगेजच्या त्याच गाडीनं, तसाच शिळा आला.

तुमच्याकडं काय आठवणी आहेत, घरात काय ऐकलंय, लिहा. सीमाप्रश्नाचा निकाल इथं लावू नका, त्याला सुप्रीम कोर्ट आहे.


प्रश्नचिन्ह

चांगला विषय. एक शंका. बेळगावचा पहिला मराठी पेपर ‘तरुण भारत’च ना? १९१९, बाबुराव ठाकूर. माडखोलकर संपादक होते तोच?


ट्रेडल

दोन्ही नाही. ‘बेळगाव समाचार’ त्याच्या कितीतरी आधीचा, १८६० च्या दशकातला. इथं तेव्हा वाचणारा वर्ग होता, कारण सार्वजनिक वाचनालय त्याच्याही आधी, १८४८ साली सुरू झालं होतं. छावणी, कलेक्टर कचेरी, कोर्ट आणि शाळा असलेलं गाव. अर्ज, नोटिसा, निकाल यांनी छापखान्याचं पोट भरायचं आणि वर उरलेल्या वेळात साप्ताहिक निघायचं.

आणि माडखोलकरांचा ‘तरुण भारत’ नागपूरचा. आपला वेगळा. दोघांचा संबंध नाही, खरं घोळ कायम होतो, कारण माडखोलकर बेळगावला आले होते ते १९४६ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेच संमेलन. त्याआधी १९२९ साली संमेलन इथं भरलं तेव्हा अध्यक्ष शि. म. परांजपे, ‘काळ’चे. दोन्ही वेळा बेळगावनं संपादकालाच खुर्ची दिली होती.

आता वाटेबद्दल. बातमी कुठल्याही वाटेनं येऊ दे, शेवटी खिळ्यांतूनच, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांतूनच, जायची. माझे वडील कंपोझिटर होते म्हणून सांगतो. लाकडी केस, म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी, समोर तिरकी ठेवलेली, खण पाठ झालेले. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजव्या हातानं खिळे उचलायचे, ओळ उलटी वाचायची. काना, वेलांटी, रफार, सगळे वेगळे खिळे. रोमनला शंभरेक खणांत भागतं, बाळबोधला, म्हणजे देवनागरीला, कित्येक शे लागतात. आमच्याकडं सगळ्यात आधी संपायचा तो ‘ळ’. बेळगाव, येळ्ळूर, नेहमीची गावंच तशी. मुंबईच्या फाउंड्रीतून आलेल्या संचात ‘ळ’ मोजकेच असायचे, जादा मागवावे लागायचे. ‘ळ’ कमी पडले की वडील बातमीतला ‘बेळगाव’ काढून ‘येथील’ टाकायचे. जुना अंक कुणाला मिळाला तर बघा, ‘येथील’चा नुसता पाऊस आहे. लोक म्हणतात संपादकाची शैली. शैली कसली, केस रिकामी असायची.

गॅलीवर मजकूर बांधला, रूळ फिरवला, ओला कागद दाबून प्रूफ काढलं की मग चुका काढणारा यायचा. ट्रेडलवर पायानं मशीन मारत एकेक कागद. हात मशीनच्या तोंडात जायचे, बोटं चेपलेली माणसं प्रत्येक छापखान्यात असायची. त्याच खोलीत भिंतीला कानडीची केस. लग्नपत्रिका दोन्ही भाषांत लागायच्या, गिऱ्हाईक सोडून कसं चालंल?


चंदगडी

वाचतोय. छान चाललंय.

आमचा तालुका बेळगाव जिल्ह्यातला, ५६ ला तेवढा एकच मागं ठेवला. खरं बाजार, दवाखाना, कॉलेज, सिनेमा सगळं बेळगावातच. कोल्हापूर लांब. पेपर बेळगावचा यायचा, कारण गाडी बेळगावाहून पहिली यायची. खडेबाजार यांचं म्हणणं इथं तंतोतंत लागू.

फोनची गंमत वेगळीच. बेळगावचा कोड ०८३१, कोल्हापूरचा ०२३१, एका आकड्याचा फरक. एसटीडी बूथवर घाईत माणूस ८ ऐवजी २ दाबायचा आणि कोल्हापुरात कुणाच्या तरी घरी ‘अण्णा, बैल आला काय?’ म्हणून विचारायचा. मोबाईल आल्यावर तर कहर. घराच्या परड्यात महाराष्ट्र सर्कल, सोप्यात कर्नाटक. रोमिंग लागायचं त्या काळात फोन घेऊन एका ठराविक खांबाखाली उभं राहून बोलायचो. म्हातारी विचारायची, हा खांबाला काय सांगालाय?


कडोलीचा पाव्हणा

रस्ता, रेल्वे सगळं बरोबर हाय, खरं आमच्या गावात बातमी शेवटी येते ती चौकात. आधी दवंडी. हलगी वाजली की बायका चूल सोडून दारात. ‘ऐका हो ऐका’ म्हणून काय ते पाण्याचं, पट्टीचं, यात्रेचं सांगायचा. ते बंद पडलं तवा फलक आले. बेळगावच्या कुठल्याबी गल्लीत जावा, गणपती मंडळाच्या नाहीतर पंच मंडळींच्या नावाचा काळा फलक असतोय. खडूनं लिहिलेला. कोण वारलं, अंत्यविधी कधी, मोर्चा कधी, वार्षिक सभा कधी. अक्षर बघून कुणी लिहिलंय ते कळतं. कर्फ्यूत पेपरची गाडी आली नाही, फलक मात्र रोज बदलत हुता. ८६ च्या कानडी सक्तीविरुद्धच्या आंदोलनात आम्ही फलकावरच वाचत हुतो काय चाललंय ते. छगन भुजबळ वेष बदलून बेळगावात शिरले ही बातमी पेपरात यायच्या आधी तोंडोतोंडी गावात पोचली हुती.

आणि फलकाची ताकद बघायची तर येळ्ळूर. वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ म्हणून फलक हुता वर्षानुवर्षं. २०१४ च्या जुलैत तो पाडला, त्यावरून लाठीमार झाला, घराघरात शिरून माणसं बडवली. एका सिमेंटच्या फलकापायी. त्यो फलक काय कुणाला नवी बातमी सांगत नव्हता. सगळ्यांस्नी ठाऊकच हुती ती. तरीबी.


खडेबाजार

कडोलीकर, फलकावर वेगळा धागा काढा की राव. पेपरात न बसणारी बातमी फलकावर बसते हे खरंच आहे.


शहापुरी अक्का

सगळे पुरुषमाणसंच लिहायला लागलेत म्हणून मी लिहितो.

आमचं शहापूर ४८ पर्यंत सांगली संस्थानात. बेळगाव इंग्रजांचं आणि रस्ता ओलांडला की शहापूर संस्थानाचं. वडगाव-शहापुरात सगळीकडं माग. खटखट आवाजात पेपर वाचून दाखवायचा म्हणजे ओरडूनच वाचायला लागायचं. आजोबा सांगायचे, एक जण वाचणार, बाकी विणणार, आणि वाचणाऱ्याचं काम बाकीचे वाटून घेणार. मधली सुट्टी झाली की त्याच बातमीवर भांडणं. आता प्रत्येकाच्या हातात फोन हाय, पण कुणी कुणाला वाचून दाखवत नाही.

बायकांना पेपर मिळायचा तो दुपारी. पहिलं पान नाही, आतलं. निधनवार्ता. हसू नका. आमच्याकडच्या पेपरातली निधनवार्ता म्हणजे नकाशा असतोय. माणूस कुठल्या गल्लीचा, माहेर कुठलं, मुली कुठल्या गावी दिलेल्या, जावई काय करतो, आणि शेवटी ‘रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी’. एवढ्या चार ओळींत निपाणीची चुलत सासू आणि खानापूरची मावशी कळायची आणि सोमवारी सकाळी दोघी स्मशानात हजर. मुंबईच्या पेपरात एवढं कोण छापतंय? म्हणून तर मुंबईला गेलेली आमची माणसं अजून गावचा पेपर मोबाईलवर उघडतात ते आधी ह्या पानावर जातात.

त्याच्याआधी पोस्टकार्ड. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधी रडं सुरू. तारेचं तर विचारूच नका. माझ्या थोरल्या भावाला नोकरी लागली म्हणून तार आली आणि पोस्टमन दारात दिसल्यावरच आईनं हंबरडा फोडला. पोस्टमन बिचारा ‘मावशी, चांगली हाय हो, चांगली हाय’ म्हणून ओरडतोय. पुढं पुढं तो आमच्या गल्लीत तार घेऊन आला की लांबूनच सांगायचा चांगली का वाईट. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तवा मला काही वाईट वाटलं नाही बघा.


प्रश्नचिन्ह

अक्का, _/\_


धारवाडी पेढा

नमस्कार. घरात कानडी, शाळा बेळगावात मराठी, आता धारवाड. माझ्या मराठीला सांभाळून घ्या.

वाटेचा मुद्दा पटला, पण सगळ्या वाटा पुण्याकडेच जातात असं नको. कानडी वृत्तपत्राची सुरुवात १८४३ ला मंगळूरला झाली, ‘मंगळूर समाचार’, बासेल मिशनच्या मोग्लिंग यांनी काढलं. तिकडून इकडं यायला घाट, नद्या, वेगळा इलाखा. म्हणून उत्तर कर्नाटकात बराच काळ शिकलेला कानडी माणूस मराठी पेपर वाचायचा. आलूर वेंकटराव, कर्नाटक एकीकरणाचे कुलपुरोहित म्हणतात त्यांना, ते टिळकभक्त. गीतारहस्य कानडीत त्यांनीच आणलं. गंगाधरराव देशपांडे, हुदलीचे, ‘कर्नाटकसिंह’, त्यांनी आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलं. हे आज दोन्हीकडच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

आता रेडिओ. धारवाड आकाशवाणी १९५० च्या जानेवारीची. सांगली आकाशवाणी १९६३ ची. म्हणजे मधली तेरा वर्षं बेळगावच्या माणसाला सगळ्यात जवळचं, सगळ्यात स्वच्छ ऐकू येणारं केंद्र धारवाड होतं. मल्लिकार्जुन मन्सूर तिथं संगीत सल्लागार होते. अनेक मराठी घरांत कानडी कळायला लागलं ते शेतीचे कार्यक्रम आणि गाणी ऐकून, सक्तीनं नव्हे. माझ्या शेजारची आजी ‘आकाशवाणी धारवाड’ एवढं कानडीत झोकात म्हणायची, पुढं शून्य.

ऐंशीच्या दशकातला आमच्या घरचा सेट मला अजून दिसतो. मीडियम वेव्हवर धारवाड ७६५, पुणे ७९२. अगदी खेटून. काटा केसभर हलला की भाषा बदलायची. सकाळी सात पाचच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणे यांचा तो आवाज, आणि मागं धारवाडच्या गाण्याची हलकी खरखर. वडिलांना पुणे पाहिजे असायचं, काकांना धारवाड. काटा दोऱ्यावर असतो ना, तो दोरा आमच्या घरी सारखा तुटायचा. सांगली १२५१ वर, तिकडून पुण्याच्याच बातम्या सहक्षेपित व्हायच्या, पण काटा पार दुसऱ्या टोकाला न्यायला लागायचा आणि तेवढ्यात बातम्या संपायच्या.

तुमच्या वाटेच्या मुद्द्याला एक पुरावा आमच्याकडून. १९९९ च्या सुमारास ‘विजय कर्नाटक’ निघाला तो ट्रकवाल्यांनी काढला, हुबळीच्या संकेश्वरांनी. मालवाहतुकीचं जाळं आधी, पेपर नंतर. गाड्या रात्रभर धावतच होत्या, त्यात गठ्ठे टाकले. किंमत कमी ठेवली. काही वर्षांत तो सगळ्यात जास्त खपणारा कानडी पेपर झाला. पत्रकारितेच्या वर्गात हे टायर-डिझेलचं शिकवत नाहीत.


लोंढा जंक्शन

एवढं सगळं झालं आणि गोव्याकडं कुणी वळलंच नाही? आमच्या लोंढ्यावरून गाड्या तिकडं वळतात म्हणून मी वळतो.

गोव्यात सालाझारच्या राजवटीत छापायच्या आधी सगळं सेन्सॉरकडं. लग्नपत्रिकासुद्धा दाखवून शिक्का घ्यायचा. सीमेवर पहारा, १९५५ ला रेल्वे बंद. टपाल, गाडी, माणूस, तिन्ही वाटा बंद. राहिली हवा. २५ नोव्हेंबर १९५५ ला एक गुप्त रेडिओ सुरू झाला, पोर्तुगीज आणि कोकणीतून. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसल रॉकहून. कॅसल रॉक म्हणजे आमच्या पुढची दोन-चार स्टेशनं. पोर्तुगीजांच्या हद्दीला टेकलेलं.

विचार करा, तो पाऊस, त्या जळवा, ते दाट जंगल, आणि त्यात ट्रान्समीटर चालता ठेवायचा. रोज बातम्या गोळा करायच्या, लिहायच्या, दोन भाषांत वाचायच्या. जगात गोव्याबद्दल काय बोललं जातंय, लिस्बन काय खोटं सांगतंय, पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत काय चाललंय. लोक खिडक्या लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. हे एक-दोन महिने नव्हे, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आले तेव्हा हे दोघे हवाई दलाच्या विमानात बसले आणि भोंग्यावरून पोर्तुगीज-कोकणीत गोव्यावर तीच बातमी सांगत फिरले. पुढं दोघांनी लग्न केलं. लिबिया सरदेसाईंना २०२५ ला पद्मश्री मिळाली, वयाची शंभरी गाठल्यावर.

आमच्या भागात हे किती जणांना ठाऊक? कॅसल रॉकला लोक दूधसागर बघायला जातात, सेल्फी काढतात, परत येतात. मला तर वाटतं पत्रकार दिनाला एखादा हार तिकडंही न्यावा.

वाटेच्या मुद्द्यावर माझं थोडं वेगळं मत. वाट आहे म्हणून बातमी जाते हे अर्धंच. सांगायचंच असं ठरवलेली माणसं असली की जंगलातून वाट काढतात.


खडेबाजार

जंक्शन, जबरदस्त. हे धाग्यातच असावं असं नव्हे, वेगळं लिहाच. पण ट्रान्समीटर कॅसल रॉकलाच का ठेवला? हद्दीला खेटून, उंचावर, रेल्वेनं सामान पोचण्यासारखं म्हणूनच ना? मी माझा हेका सोडत नाही.


निपाणकर

सगळं वाचलं. आता जरा टोचतो.

वाट, वाट काय करताय. वाटेवरनं काय जातंय ते कोण ठरवत होतं? टिळकांचा ‘केसरी’ आमच्या गावात यायचा, पण महारवाड्यात, मांगवाड्यात, बिडीच्या कारखान्यात बसलेल्या बाईबद्दल त्यात काय होतं? १९२० च्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं त्याची जाहिरात घेतली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलंय. अडीच हजार रुपये दिले कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. दोन महिन्यांत माणगावची परिषद. १९२५ ला बाबासाहेब आमच्या निपाणीला परिषदेला आले. ही वाट पुण्यावरनं येत नव्हती. कोल्हापूर-कागल-निपाणी अशी येत होती, आणि पेपरपेक्षा माणसांच्या पायानं येत होती. बेळगावात शामराव देसाईंचं ‘राष्ट्रवीर’ होतं, ब्राह्मणेतरांचं. त्याचं नाव एवढ्या प्रतिसादांत एकदाही आलं नाही, म्हणून टोचलं.

दुसरं. १९८१. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बेंगळूर रस्त्यावर बसले. आठवड्यांमागून आठवडे. गाव आमचं कर्नाटकात, नेता महाराष्ट्रातला, तंबाखूवरचा कर दिल्लीचा. कुठल्या पानावर घ्यायची ही बातमी? आधी कुणी फारशी घेतलीच नाही. रस्ता अडला, ट्रकांच्या रांगा लागल्या, तवा शहरांना कळलं. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले, मग पहिलं पान. तुमच्या बातमीच्या वाटेवर आम्हाला आडवं पडावं लागलं खडेबाजारसाहेब, तेव्हा आमची बातमी झाली.


ट्रेडल

निपाणकरांशी सहमत. ‘राष्ट्रवीर’ माझ्याकडून राहिलं. छापखाना ज्याचा, खिळे त्याचे.


खडेबाजार

निपाणकर, टोचा की, त्यासाठीच धागा काढलाय. रस्ता अडवला म्हणून बातमी झाली, यात रस्त्याचं महत्त्व कमी होतं का वाढतं, हे तुम्हीच सांगा. मात्र एक गोष्ट तुमची बिनतोड आहे. टपालाची वाट सगळ्यांना सारखी होती, १८७९ पासून पाव आण्याचं कार्ड कुणीही टाकावं. पण कार्ड टाकायला लिहिता यावं लागतं. आमच्या गल्लीत पोस्टाबाहेर कार्डं लिहून देणारा बसायचा, आणि कुणाच्या घरचं काय चाललंय हे संपादकापेक्षा त्याला जास्त ठाऊक.


प्रश्नचिन्ह

आता टीव्ही आणि आजचं पण बोलूया ना. मी नव्वदच्या दशकातला. आमच्या गच्चीवर अँटेना होता, लांबच लांब पाईपावर. कोल्हापूरच्या दिशेला फिरवला की मुंग्यांतून मराठी दिसायचं. नाहीतर दिल्ली, नाहीतर बेंगळूर. मग केबल आली आणि पाईपाची वेल चढवायला सोय झाली. आता डिशचं पॅक घेताना पत्ता ५९० नं सुरू झाला की कर्नाटकचं पॅक पुढं करतात, मराठी चॅनेलं वेगळी घ्या म्हणतात. पिनकोड तेवढाच खरा.


चंदगडी

पिनकोडवरून आठवलं. मुंबईतले पाहुणे अजून पाकिटावर ‘बेळगाव, महाराष्ट्र’ लिहितात, खाली ५९०००१. पत्र बरोबर पोचतं. पोस्टाला राज्याशी घेणंदेणं नाही, सहा आकड्यांशी आहे. १९७२ पासून हे असंच.


कडोलीचा पाव्हणा

आता यूट्यूब चॅनेलवाले आलेत की. एक पोरगा, एक मोबाईल, एक दांडा. सभा संपायच्या आधी लाईव्ह. बरं हाय एका अर्थानं, गावच्या रस्त्याचा खड्डा तरी दिसतोय. खरं डिसेंबर २०२२ ला सीमेवर बशी अडवल्या, गाड्या फोडल्या, तवा जुनेच व्हिडिओ नवे म्हणून फिरत हुते. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. माझी पोरगी कोल्हापुरात शिकायला, तिनं फोन केला, ‘बाबा, आपल्या गावात जाळपोळ झालीय म्हणं.’ मी दारात बसून शेंगा फोडत हुतो.


धारवाडी पेढा

आमच्याकडे तेच व्हिडिओ उलट्या मथळ्यानं. एकच क्लिप, मराठी ग्रुपवर ‘कन्नडिगांनी मारलं’, कानडी ग्रुपवर ‘मराठ्यांनी मारलं’. मी दोन्ही ग्रुपवर आहे म्हणून दिसलं. नीट बघितलं तर मागच्या दुकानाची पाटी तेलुगूत होती. दोन्ही ग्रुपवर लिहिलं. एका ग्रुपनं काढून टाकलं, दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही.


शहापुरी अक्का

कुठल्या ग्रुपनं काढलं ते सांग की.


धारवाडी पेढा

अक्का, नको. पुढच्या आठवड्यात बेळगावला यायचंय. 🙂


निपाणकर

जुन्या साप्ताहिकांच्या फायली कुणाकडं आहेत का, ते बोला आता. ‘राष्ट्रवीर’चे सुटे अंक आमच्या पाहुण्यांच्या माळ्यावर होते, अर्धे वाळवीनं खाल्ले. कागद हातात घेतला की चुरा होतो.


ट्रेडल

हात लावू नका. जुना न्यूजप्रिंट घडीवर मोडतो. गठ्ठा उघडायच्या आधी खाली पुठ्ठा सरकवा, पान उलटायचं ते दोन्ही हातांनी पुठ्ठ्यासकट. फोटो काढायला स्कॅनर नको, दाबून चुरा होईल. वरून मोबाईल, उजेड बाजूनं, फ्लॅश नाही. अंकाची तारीख आणि प्रेसलाईन आधी टिपा, शेवटच्या पानाच्या तळाला असते, तिथंच मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता मिळतो. सगळ्यात पहिल्यांदा खाली तेच फाटतं. माझ्याकडं स्टँड आहे. पावसाळ्याआधी जमवूया, दमट हवेत पानं चिकटतात.


लोंढा जंक्शन

मी येतो. माझ्याकडं रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांची पुस्तकं आहेत, मीटरगेजची. कुठल्या गाडीनं पेपर किती वाजता पोचत होते ते त्यावरून लावता येईल. ती पण घेऊन येऊ काय?


खडेबाजार

आणा. नक्की आणा. निपाणकर, पाहुण्यांना विचारून दिवस सांगा, रविवार शक्यतो नको, मला मंडळाची सभा आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.